गोल्डवॅक्सच्या संकलनातील ओ. व्ही. राइट : एकच तबकडी का, आणि पुढे काय ऐकावे?

धरमपेठ वाचक

सर्वांना नमस्कार. अमेरिकेतील साठच्या दशकातील सोल संगीत, म्हणजे चर्चगायनातून घडलेले कृष्णवर्णीयांचे लोकप्रिय गाणे, मी आवडीने ऐकतो; परंतु माझे ऐकणे आतापर्यंत ओटिस रेडिंग, अरीथा फ्रँकलिन, सॅम कुक आणि अल ग्रीन अशा सर्वपरिचित नावांभोवतीच फिरत होते. अलीकडे सीताबर्डीवर जुनी पुस्तके विकणाऱ्या एका विक्रेत्याकडे मला मेम्फिस शहरातील गोल्डवॅक्स या छोट्या कंपनीच्या जुन्या सिंगल्सचे एक संकलन सीडीवर मिळाले. त्यात जेम्स कार यांची गाणी बरीच आहेत आणि ती श्रेष्ठ आहेत याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. मला मात्र जागीच खिळवून ठेवले ते ओ. व्ही. राइट या गायकाने. गोल्डवॅक्सने काढलेली त्यांची एकमेव तबकडी, ‘दॅट्स हाऊ स्ट्राँग माय लव्ह इज’, संकलनात आहे.

हे गाणे ओटिस रेडिंग यांच्या आवाजात माझ्या परिचयाचे होते. त्यातील प्रियकर प्रेयसीसाठी सूर्य होऊ पाहतो आणि सूर्य मावळला की चंद्र होऊ पाहतो. ओटिस प्रत्येक प्रतिमेगणिक आवाज चढवीत नेतात. राइट यांची रीत वेगळी आहे. ओळीच्या आरंभी ते जवळजवळ बोलत असतात, आणि शेवटचा शब्द आला की त्या स्वराला किंचित खरखर देऊन तो लांबवतात, मग तो पूर्ण होण्याआधीच सोडून देतात. त्यामुळे पुढची ओळ सुरू होईपर्यंत ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. एवढ्या तयारीच्या गायकाचे नाव मी यापूर्वी कसे ऐकले नाही, याचे मला नवल वाटत राहिले.

माझी पहिली शंका अशी की, ज्या कंपनीने जेम्स कार यांच्या इतक्या तबकड्या काढल्या, तिने राइट यांची एकच तबकडी काढून का थांबावे? गाणे चालले नाही म्हणून, की आणखी काही कारण होते? दुसरे असे की, त्यांचे पुढचे गाणे कोठे शोधावे आणि कोणत्या क्रमाने ऐकावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. माझा कान हिंदुस्थानी संगीतावर तयार झालेला आहे. तेव्हा या गायकीत नेमके कशाकडे लक्ष द्यावे, हेही कोणी सांगितल्यास मी आभारी राहीन.

जुन्या तबकड्या, रामदासपेठ

धरमपेठ वाचक यांस नमस्कार. आपला प्रश्न फार चांगला आहे, आणि त्याचे उत्तर गाण्यात नसून करारपत्रात आहे.

ओव्हर्टन व्हर्टिस राइट यांचा जन्म 1939 मध्ये टेनेसी राज्यातील लेनो या गावी झाला. चर्चमधील गॉस्पेल गायनात ते लहानपणापासून होते आणि पुढे सनसेट ट्रॅव्हलर्स या गॉस्पेल गटाचे प्रमुख गायक झाले. या गटाच्या तबकड्या ह्यूस्टन येथील पीकॉक कंपनी काढत असे. मेम्फिसमध्ये रक्तपेढीत काम करणारे रूझवेल्ट जेमिसन हे गॉस्पेल गायकांना हाताशी धरून पुढे आणत असत. राइट आणि जेम्स कार हे दोघेही त्यांच्याच ओळखीचे होते. गोल्डवॅक्सचे संस्थापक क्विंटन क्लॉन्च यांच्या दारावर जेमिसन या दोन तरुण गायकांना आणि एका टेपरेकॉर्डरला घेऊन मध्यरात्री येऊन ठेपले, ही हकिगत सोल संगीताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. आपण ऐकलेले गाणे जेमिसन यांनीच लिहिलेले आहे, आणि 1964 मध्ये ते सर्वप्रथम राइट यांनी ध्वनिमुद्रित केले. म्हणजे आपल्या हाती लागलेली ती मूळ आवृत्ती आहे. ओटिस रेडिंग यांची आवृत्ती त्यानंतर काही महिन्यांतच आली, आणि 1965 मध्ये रोलिंग स्टोन्स यांनीही ते गाइले. एवढ्या मोठ्या नावांच्या गर्दीत पहिला गायक मागे पडला.

पण गोल्डवॅक्सने दुसरी तबकडी काढली नाही, याचे कारण पीकॉकचे मालक डॉन रोबी हे होत. सनसेट ट्रॅव्हलर्सचे सदस्य या नात्याने राइट आपल्या कंपनीशी कराराने बांधलेले आहेत, असा दावा रोबी यांनी केला आणि तो टिकला. गॉस्पेलसाठी केलेला करार लौकिक गाण्यालाही लागू झाला. राइट यांना गोल्डवॅक्स सोडावे लागले, आणि 1965 पासून त्यांची गाणी रोबी यांच्याच बॅक बीट या लेबलवर येऊ लागली. रोबी हे सामान्य आसामी नव्हते. कृष्णवर्णीय मालकीच्या सुरुवातीच्या मोठ्या संगीत कंपन्यांपैकी एक त्यांनी उभारली होती. बॉबी ब्लँड यांच्यासारखा गायक त्यांच्याकडे होता आणि बिग मामा थॉर्नटन यांची ‘हाउंड डॉग’ ही तबकडी 1953 मध्ये त्यांनीच बाजारात आणली. मात्र गीतकारांकडून गाणी थोडक्या रकमेत कायमची विकत घ्यायची आणि तबकडीवर डेड्रिक मॅलोन या टोपणनावाने स्वतःचे श्रेय छापायचे, ही त्यांची रीत होती. बॅक बीटच्या तबकडीवर मॅलोन हे नाव दिसले, तर त्या गाण्याचा खरा कर्ता कोण असावा हा प्रश्न मनात ठेवूनच ते ऐकावे, असे माझे मत आहे.

राइट यांच्या कामाची पुढे आणखी वाटणी झाली. रोबी यांनी 1973 मध्ये सगळा कारभार एबीसी कंपनीला विकला, आणि 1979 मध्ये एबीसी ही एमसीएच्या ताब्यात गेली. राइट यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मेम्फिसच्या हाय रेकॉर्ड्ससाठी गाइले, आणि ती मालकी वेगळ्या घरात होती. अशा रीतीने त्यांचे आरंभीचे गॉस्पेल आणि मधला सर्वांत समृद्ध काळ एका मालकाकडे, एक तबकडी गोल्डवॅक्सकडे, अखेरचा काळ तिसऱ्याकडे, अशी त्यांच्या आवाजाची खातेफोड झाली. संकलन काढणारी कंपनी सहसा आपल्या मालकीची अथवा परवाना मिळालेली गाणीच त्यात घालू शकते. म्हणून गोल्डवॅक्सच्या संकलनात राइट हे जेम्स कार यांच्या सावलीत उभे असलेले दुय्यम गायक वाटतात, आणि हायच्या संकलनात अल ग्रीन यांच्या मागचे. वस्तुतः ते दोघांच्याही बरोबरीचे आहेत. हे मी आदराने आणि पूर्ण विचारांती लिहीत आहे.

ऐकण्याचा क्रम विचारलात तर गोल्डवॅक्सनंतर थेट बॅक बीटकडे वळावे. 1992 मध्ये एमसीएने ‘द सोल ऑफ ओ. व्ही. राइट’ या नावाने त्या काळातील निवडक गाणी एका सीडीवर आणली. ती मिळाल्यास तीच घ्यावी. ‘यू आर गोना मेक मी क्राय’ आणि ‘एट मेन, फोर विमेन’ ही गाणी आधी ऐकावीत. पहिले 1965 मध्ये अमेरिकेच्या आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेले होते आणि दुसरे 1967 मध्ये चौथ्या. त्यानंतर 1971 चे ‘अ निकेल अँड अ नेल’ ऐकावे. तेथे पोहोचलात की आपल्याला कोणाच्याही मार्गदर्शनाची गरज उरणार नाही.

कंठसंगीत, सक्करदरा

जुन्या तबकड्या यांनी इतिहास इतका नेमका मांडला आहे की त्यात मी काही भर घालणार नाही. मी गाणे शिकवते, त्यामुळे प्रश्नाच्या शेवटच्या भागापुरते लिहिते.

हिंदुस्थानी संगीताचा कान घेऊन आपण या गायकीकडे गेलो की पहिल्यांदा राग शोधू लागतो, आणि तो सापडत नाही म्हणून गाणे साधे आहे असे समजून पुढे जातो. तसे करू नये. येथे सूर एका आधारस्वरावर स्थिर नसतो; त्याच्याखालची स्वरसंगती (साथीला एकत्र वाजणारे स्वर, म्हणजे कॉर्ड) बदलत राहते, आणि गायक तोच एक स्वर धरून उभा राहिला तरी खालची जमीन हलल्यामुळे त्या स्वराचा अर्थ बदलतो. राइट यांच्या संथ गाण्यांत ऑर्गनकडे लक्ष ठेवून पाहावे. ऑर्गनची संगती बदलते त्या क्षणी ते बहुधा नवा शब्द उच्चारत नाहीत, आधीचाच स्वर किंचित वळवतात. आपल्याकडे तंबोरा अचल असतो आणि गायक हालचाल करतो. येथे दोन्ही हलतात, आणि त्यातील अंतर राखणे हे कौशल्य असते.

दुसरी गोष्ट गंधाराची. कोमल आणि शुद्ध गंधार यांच्यामधल्या जागेत हे गायक बराच काळ वावरतात. ही जागा पियानोवर वाजत नाही आणि आपल्या हार्मोनियमवरही वाजत नाही. ती केवळ गळ्यातून, किंवा गिटारची तार ओढून मिळते. राइट त्या जागेवर खालून येतात, तेथे क्षणभर थांबतात आणि मग शुद्ध गंधाराला स्पर्श करून परत फिरतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे हळू करून गायला लावले, तेव्हा श्रुतींची कल्पना तक्त्यावरून समजावण्यापेक्षा लवकर समजली.

तिसरी गोष्ट लयीची. यातली पुष्कळ संथ गाणी चार ठोक्यांची असतात, मात्र प्रत्येक ठोक्याचे तीन समान भाग केलेले असतात, आणि पियानो किंवा गिटार ते तीन-तीन सतत वाजवत राहते. दादऱ्याची सवय असलेल्या कानाला हा झोका परका वाटणार नाही. गायक मात्र त्या तीन भागांवर शब्द बसवत नाही. तो मागे रेंगाळतो आणि ओळीच्या शेवटी हिशोब पुरा करतो. राइट यांचे शब्द ठोक्याच्या किती मागे पडतात हे पाहायचे असेल तर हाताने ठोका धरून ‘एट मेन, फोर विमेन’ ऐकावे. या गाण्यात एका माणसाला स्वप्न पडते, स्वप्नात तो न्यायालयात उभा असतो, आणि आठ पुरुष व चार स्त्रिया अशा बारा जणांची ज्यूरी त्याला प्रेम केल्याबद्दल दोषी ठरवते. विषय अतिशयोक्त आहे. दुसऱ्या एखाद्याने तो रडून गायला असता. राइट तो साक्षीदाराने घडलेली हकिगत सांगावी तसा सांगतात, आणि फक्त निकालाच्या जागी आवाज फाटू देतात.

येथे एका समजुतीविषयी लिहिणे आवश्यक वाटते. आवाजातील ही खरखर म्हणजे तयारीचा अभाव, असे आपल्याकडील काही रसिक मानतात. गॉस्पेलमध्ये ती कमावलेली असते. प्रवचनकार बोलता बोलता ज्या जागी गाऊ लागतो, त्या जागेवर तिचा उपयोग होतो. स्वच्छ आवाजातून खरखरीत जाणे आणि परत स्वच्छ होणे, हे गायक इच्छेने करतो. राइट यांच्या गाण्यात ही ये-जा एकाच शब्दात घडते. आपल्याकडे ठुमरी गाणारे एकच बोल वेगवेगळ्या भावाने फिरवून दाखवतात, त्यासाठी जी समज लागते तीच समज येथे आवाजाच्या पोतासाठी वापरलेली आहे.

धरमपेठ वाचक

आपणा दोघांचे मनापासून आभार. कंठसंगीत ताईंनी सांगितल्याप्रमाणे हाताने ठोका धरून ऐकले, आणि गाणे अक्षरशः दुसरेच वाटले. ‘अ निकेल अँड अ नेल’ मी त्यानंतर सारखे ऐकत आहे. एके काळी पैसा बाळगून असलेला माणूस आता पुरता कफल्लक झाला आहे. खिशात पाच सेंटचे एक नाणे आणि एक खिळा एवढेच उरले आहे, आणि मित्रांना आपले बरे चालले आहे असे वाटावे म्हणून तो धडपडतो. सोल संगीतात प्रेमभंगाची गाणी हजारो असतील. गरिबी लपवण्याची लाज इतक्या जवळून दाखवणारे दुसरे गाणे मी ऐकलेले नाही. खिळा हा तपशील तर विसरता येत नाही, कारण नाण्याचा आवाज व्हायला दुसरी काहीतरी धातूची वस्तू खिशात लागतेच.

आता एक नवी शंका आहे. जुन्या तबकड्या काका म्हणतात की राइट यांची गाणी आर अँड बी यादीत सहाव्या आणि चौथ्या क्रमांकापर्यंत गेली होती. मग त्यांना दुर्लक्षित कसे म्हणावे? चौथ्या क्रमांकाचे गाणे म्हणजे त्या काळी लाखो लोकांनी ऐकलेले गाणे असणार. मालकीची वाटणी हे कारण पटते, पण त्याने केवळ नंतरच्या सीडींचा उलगडा होतो. त्या काळातच ते मोठे नाव का झाले नाहीत?

इंदोरा

या शंकेवर मी लिहितो, कारण माझ्या मते सगळ्या चर्चेचा गाभा येथे आहे.

अमेरिकेत याद्याच दोन होत्या. कृष्णवर्णीयांच्या संगीतासाठी बिलबोर्ड साप्ताहिक वेगळी यादी छापत असे. 1949 पर्यंत तिला ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत, आणि त्या वर्षी ते नाव बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’, म्हणजेच आर अँड बी, झाले. नाव बदलले तरी विभागणी कायम राहिली. राइट यांचे जे गाणे एका यादीत चौथे होते, ते सर्वसाधारण यादीत वरच्या पन्नासांतही आले नाही. नियतकालिके, दूरचित्रवाणीचे कार्यक्रम, मोठी सभागृहे आणि युरोपचे दौरे हे सगळे त्या दुसऱ्या यादीच्या आधारे ठरत असे. ओटिस रेडिंग 1967 मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी संगीत महोत्सवात हजारो गोऱ्या तरुणांपुढे गायले आणि एका रात्रीत त्यांचे नाव सर्वत्र झाले. राइट यांच्या वाट्याला असा मंच आला नाही. ते दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या क्लबांमधून आणि नाट्यगृहांमधून गात राहिले, ज्या साखळीला तेथे चिटलिन सर्किट असे म्हणतात. मेम्फिसचे डब्ल्यूडीआयए हे केंद्र संपूर्णपणे कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी कार्यक्रम करणारे अमेरिकेतील पहिले रेडिओ केंद्र होते. अशा केंद्रांवरून ज्यांनी राइट ऐकले, त्या घरांत ते कधीच दुर्लक्षित नव्हते.

हे ज्या शहरात घडत होते ते शहर कोणते, हेही ध्यानात ठेवावे. 1968 च्या फेब्रुवारीत मेम्फिसच्या सफाई कामगारांनी संप केला. त्यांच्या पाठिंब्यासाठी आलेले डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची 4 एप्रिल रोजी त्याच शहरात हत्या झाली. सफाई कामगारांच्या वस्त्यांत जी गाणी वाजत होती, त्यांत राइट यांची गाणी होती असे मानायला कल्पनेला मुळीच ताण द्यावा लागत नाही. त्यांनी चळवळीची गाणी गायली असे मी म्हणत नाही. परंतु ‘अ निकेल अँड अ नेल’ मधील रिकाम्या खिशाचा माणूस कोणत्या समाजातून आला आहे, हे त्या श्रोत्यांना समजावून सांगावे लागत नव्हते.

नागपुरात राहणाऱ्याला ही गोष्ट कळायला दूर जाण्याची गरज नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या रांगांबरोबर भीमगीतांच्या कॅसेट आणि नंतर सीडी विकायला असत. एकेका संकलनात अनेक गायक, काहींची छायाचित्रेही नसत, आणि घरोघरी ती पाठ असत. वामनदादा कर्डक यांचे शब्द आमच्या वस्तीत लहान मुलांच्याही तोंडी होते; शहराच्या दुसऱ्या टोकाला, जेथे संगीत समारंभ भरतात, तेथे त्यांचे नाव माहीत असणारे थोडे होते. माझ्या वडिलांनी जपून ठेवलेल्या कॅसेटांवर ज्या गायकांचे आवाज आहेत, त्यांच्यावर एक लेखही छापून आलेला मी पाहिलेला नाही. तेव्हा एखादा गायक अपरिचित आहे असे वाटले की, तो कोणाला परिचित होता हे आधी विचारावे. धरमपेठ वाचक भाऊ, आपण त्या आवाजापर्यंत जुन्या सीडीच्या आधाराने पोहोचलात, याचा मला आनंद आहे. फक्त आपण त्यांना शोधून काढले असे न म्हणता, त्यांना ऐकणाऱ्यांत आपण उशिरा सामील झालो, असे म्हणावे ही विनंती.

धरमपेठ वाचक

इंदोरा दादा, विनंती मान्य आहे, आणि उत्तरही पूर्णपणे पटले. वडिलांच्या त्या कॅसेटांतील गायकांची नावे व गाणी आपण येथे स्वतंत्र धागा काढून नोंदवलीत तर मी आवर्जून वाचेन. कॅसेट खराब होण्याआधी त्यांचे संगणकावर रूपांतर करायचे असल्यास माझ्याकडे चांगला डेक आहे; तो आपण केव्हाही वापरावा.

आता हाय रेकॉर्ड्सच्या काळाविषयी कोणी लिहील काय? तो काळ उतरणीचा मानावा, असे मी एके ठिकाणी वाचले.

जुन्या तबकड्या, रामदासपेठ

उतरणीचा हा शेरा मला मान्य नाही. त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आधी हे समजून घ्यावे की हाय रेकॉर्ड्सचा स्टुडिओ आणि वादक राइट यांना नवे नव्हते. बॅक बीटवर असतानाच त्यांची उत्तम गाणी हायचे निर्माते विली मिचेल यांनी मेम्फिसच्या याच रॉयल स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली होती. हा स्टुडिओ म्हणजे जुने चित्रपटगृह. त्याची जमीन पडद्याकडे उतरती आहे, ती तशीच ठेवलेली आहे. गिटारवर टीनी, ऑर्गनवर चार्ल्स आणि बेसवर लिरॉय असे तिघे हॉजेस बंधू तेथे वाजवत. अल ग्रीन यांच्या सत्तरच्या दशकातील बहुतेक प्रसिद्ध गाण्यांमागे हेच वादक आहेत. अल ग्रीन यांच्यासाठी ते मऊ, अंतर राखून वाजवतात; राइट यांच्यासाठी तेच हात जड पडतात, पितळी वाद्ये तुटक वाक्ये टाकतात आणि मधली शांतता लांबते. एकाच वादकसंचाने दोन गायकांना कसे वेगवेगळे वागवले, हे ऐकण्यासाठी 1971 मधील ‘टायर्ड ऑफ बीइंग अलोन’ आणि ‘अ निकेल अँड अ नेल’ पाठोपाठ लावावे.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर अमली पदार्थांच्या प्रकरणात राइट यांना तुरुंगवास झाला, आणि सुटल्यावर मिचेल यांनीच त्यांना हायवर घेतले. 1977 चा ‘इंटू समथिंग, कान्ट शेक लूज’ हा अल्बम या काळातला. आवाज पूर्वीपेक्षा बारीक झालेला आहे, वरच्या स्वरांवर तो चिरतो, हे खरे; डिस्कोची लाट असताना अशा गाण्यांना विचारणारे कोणी नव्हते, हेही खरे. पण गायकाची बुद्धी येथे सर्वांत पक्व आहे. जो स्वर आता मिळत नाही त्याच्या अलीकडेच ते थांबतात आणि ती जागा वादकांना देतात. 1979 मध्ये जपानमध्ये झालेल्या त्यांच्या मैफिलीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. प्रकृती साथ देत नसताना ते कसे गातात आणि त्या दूरच्या देशातील श्रोते त्यांना कशी दाद देतात, हे त्यात ऐकू येते. 16 नोव्हेंबर 1980 रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते 41 वर्षांचे होते. त्यांच्या थडग्यावर नाव नव्हते. चाहत्यांनी वर्गणी काढून 2008 मध्ये तेथे शिळा बसवली.

म्हणून माझे मत असे की, गोल्डवॅक्सचे संकलन, मग बॅक बीटचे, आणि मग हायचा 1977 चा अल्बम संपूर्ण, असा क्रम ठेवावा. शेवटच्या ठिकाणी निवडक गाणी ऐकू नयेत. त्या अल्बममध्ये एका गाण्यानंतर दुसरे येते त्याला अर्थ आहे, आणि संकलनात तो अर्थ हरवतो.

कंठसंगीत, सक्करदरा

जुन्या तबकड्या यांच्या क्रमाला माझी एक दुरुस्ती आहे. हायकडे जाण्यापूर्वी एक पाऊल मागे जाऊन सनसेट ट्रॅव्हलर्स ऐकावेत. ‘ऑन जीझस प्रोग्रॅम’ हे त्यांचे गाणे राइट यांनी गाइले आहे, आणि पीकॉकच्या गॉस्पेल संकलनांत शोधल्यास ते सापडू शकते. त्यांच्या प्रेमगीतांत ज्या जागा आपल्याला वेड लावतात, त्यातील बहुतेक येथे प्रार्थनेच्या शब्दांवर आधीच घेतलेल्या आहेत. साथीचे गायक एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहतात आणि राइट त्यावर मोकळेपणाने फिरतात. 1977 चा थकलेला आवाज ऐकण्याआधी हा पंचविशीतला आवाज कानात असावा, म्हणजे काय गेले आणि काय राहिले याचा नीट अंदाज येतो.

शोधताना एवढे लक्षात ठेवावे की त्या काळी गॉस्पेलच्या तबकडीवर बहुधा गटाचेच नाव मोठे असे. त्यामुळे राइट या नावाने शोध न घेता गटाच्या नावाने घ्यावा, आणि गाणे मिळाल्यावर प्रमुख आवाज तोच आहे का, हे कानाने तपासावे.